विषय: लॉफ्टवाला फ्लॅट, टोकन शुक्रवारी द्यायचंय

स्नेहल:
मंडळी, घाईत लिहितेय. कालच्या व्हिडिओ कॉलवर बघितलात तोच कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातला फ्लॅट. खाली आईबाबांची बेडरूम, हॉल डबल हाइट, लोखंडी जिन्यानं वर लॉफ्ट, तिथं आम्ही. बिल्डर खालचे ७२० आणि वरचे २४० मिळून ९६० स्क्वेअर फुटांचा भाव लावतोय, बँकवाला म्हणतो आम्ही ७२०च धरणार. बाकी सगळं पसंत आहे, फक्त त्या २४० चं काय ते सांगा.

विनायक:
स्नेहल, टोकन थांबव. आधी मंजूर नकाशा माग, बिल्डरचं रंगीत ब्रोशर नको, महापालिकेच्या शिक्क्याचा. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्टचा ‘P’ नं सुरू होणारा नंबर टाकलास की तिथंपण बघायला मिळतो. त्यात तुझ्या हॉलवर लॉफ्ट काढलाय का, की नुसती मोकळी उंची दाखवलीय? नकाशात नसेल तर पझेशननंतर वेल्डर आणून टाकलेला तो लोखंडी सांगाडा, उद्या विकताना पुढच्या माणसाची बँक हाच प्रश्न काढणार.

दुसरं उंची. राष्ट्रीय इमारत संहितेत राहायच्या खोलीला २.७५ मीटर धरलेत, म्हणजे ९ फूट. साठवणीच्या लॉफ्टला जास्तीत जास्त १.५ मीटर. तुझा हॉल १५ फुटी म्हणालीस ना, त्यात मधला स्लॅब धरून दोन राहायच्या खोल्या बसतच नाहीत, ९ आणि ९ मिळूनच १८ होतात. मग ती २४० साठवणीची जागा आहे, आणि साठवणीच्या जागेला बेडरूमचा भाव कशाला द्यायचा? त्यावर स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटीपण भरणार तू. रेरा कायद्यातली कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती तेवढंच अॅग्रीमेंटमध्ये लिहून घे आणि भाव त्यावर ठरव. आणि किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे रजिस्टर्ड अॅग्रीमेंटशिवाय घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम १३.

मंदार:
विनायकदादा, पण लॉफ्ट म्हणजे वरचा पोटमाळा नव्हेच ना. मी इथं राहतो ती जुन्या छापखान्याची इमारत, एकच मोठी खोली, उंच छत, भिंतीला वीट उघडी, खिडक्या माणसापेक्षा उंच. न्यूयॉर्कच्या सोहोत हे सुरू झालं, कारखाने-गोदामं रिकामी पडली आणि चित्रकार राहायला आले, १९७१ ला शहरानं परवानगी दिली ती पण कलाकारांनाच, पुढं १९८२ चा लॉफ्ट कायदा आला. आपल्याकडं शाहू मिलसारख्या दगडी इमारतीत असं काही झालं तर मी पहिला नंबर लावीन!! एकच सांगतो, हिवाळ्यात सगळी ऊब छताला जाऊन बसते आणि हीटिंगचं बिल डोळे पांढरे करतं.

विनायक:
मंदार, सोहोचा कायदा सोहोत. तिला टोकन शुक्रवारी द्यायचंय.

सुनंदाकाकू:
मंदारनं ऊब म्हटलं म्हणून लिहिते. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी माळ्यावर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ठेवायचो, मे महिन्यात दुपारी वर हात लावला की पत्र्याखालचा रवा पाझरलेला असायचा. तिथं माणूस निजवणार का तुम्ही? वरच्या मजल्याचा फ्लॅट आहे का गं, थेट गच्चीखाली? आणि स्नेहल, स्वयंपाकघर हॉलला उघडं दिसलं व्हिडिओत. कांदा-खोबरं भाजलं, रस्सा फोडणीला टाकला की तिखटाचा ठसका सरळ वर तुमच्या अंथरुणावर, दार नाही काही नाही. वरून रात्री मोबाईल बोललात तरी बाबांची झोप मोडणार. बाबा गुडघ्याचे, म्हणजे वर काय चाललंय ते त्यांना कधी बघायलाच मिळणार नाही. पाण्याचंपण विचार, २०१९ आणि २०२१ ला त्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी होतं का, पार्किंगमधल्या वॉचमनला विचार, सेल्सवाल्याला नको.

प्रसाद (सेक्रेटरी):
सर्वांना विनंती, मंडळाची ही ईमेल लिस्ट कार्यक्रमांची आहे, प्रॉपर्टीसाठी वेगळी लिस्ट काढायची हे मागच्या मीटिंगात ठरलंय. कोजागिरीच्या हॉलचं अजून कुणी कन्फर्म केलेलं नाही.

विनायक:
प्रसाद, वेगळी लिस्ट काढायचं काम तुझ्याकडंच होतं. तोवर घराचे प्रश्न इथंच येणार, निम्म्या मंडळाच्या आयुष्याची कमाई यात अडकलेली असते.

स्नेहल:
काकू, हो, थेट गच्चीखालीच आहे. दादा, भाऊ आत्ता साइट ऑफिसमधून नकाशा बघून आला, हॉलवर नुसता मोकळा चौकोन, लॉफ्टचा पत्ता नाही. बिल्डर म्हणे "सगळे नंतर करून घेतात." मी त्याला लिहिलंय, ७२० चा भाव लेखी द्या, नाहीतर शुक्रवारी पैसे येणार नाहीत. चौथ्या मजल्यावर साधा दोन बेडरूमचा आहे, भाऊ उद्या वॉचमनला पाण्याचं विचारून तो बघणार. प्रसाद, हॉलचं मी उद्या फोन करून कन्फर्म करते.