१० फुटी घरात आईसाठी संडास-बाथरूम: दार सरकतं की बिजागरीचं?

परसूतली_तुळस

नमस्कार. बेळगावच्या शहापुरातलं जुनं कौलारू घर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, दगडी, २० इंच जाडीच्या. आतून रुंदी बरोबर १० फूट. पुढून मागं सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मोरी आणि शेवटी परसू. संडास परसात. आई वॉकर धरून चालते, पावसाळ्यात रात्री तिला परसात नेणं धोक्याचं आहे.

म्हणून माजघराच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, आतून ७ फूट लांब आणि ३ फूट ९ इंच रुंद असं संडास-बाथरूम काढायचं ठरलंय. ४ इंची भिंत गिलाव्यासकट ५ इंच धरली तर उजवीकडं ५ फूट १० इंच वाट उरते. मेस्त्री म्हणतात, जागा कमी आहे, ३० इंचाचं सरकतं दार लावा. हे बरोबर आहे का? दार लांब बाजूला ठेवावं की आखूड बाजूला? आणि पीव्हीसी, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) की लाकूड?

रंधा_पटाशी

ताई, आधी त्या ३० इंचांचा हिशेब करा. दाराची मापं देताना बहुतेक जण भिंतीतलं भोक सांगतात, माणूस जातो ती वाट सांगत नाहीत. ३० इंचाच्या भोकात अडीच इंची लाकडी चौकट बसवली की दोन्ही पायांचे मिळून ५ इंच गेले, राहिले २५. बिजागरीचं दार ९० अंशात उघडलं की झडपेची जाडी आणखी पाऊण इंच खाते. म्हणजे हाती जेमतेम २४ इंच. आईंचा वॉकर मागच्या पायांपाशी मोजा, तिथं तो सगळ्यात रुंद असतो. २३ इंचाचा वॉकर २४ इंचाच्या वाटेतून न्यायचा तर हाताची बोटं चौकटीला घासतात, आणि म्हातारं माणूस नेमकं तिथंच वॉकर तिरका करतं आणि तोल जातो.

भोक ३४ इंच ठेवा आणि चौकट लाकडाऐवजी ग्रॅनाइटची करा. पाऊण इंची पट्टीवर दुसरी पट्टी चिकटवून खाच केली तर एका बाजूला दीड इंचच जातो. ३४ मधून ३ वजा, झडपेचा पाऊण वजा, तरी ३० इंच मोकळी वाट मिळते. पुढं कधी चाकाची खुर्ची लागली तर ३२ बरी, म्हणून जमलं तर भोक ३६ करा. भिंत उठल्यावर दोन इंच वाढवायला लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, फोडावं लागतं.

दार लांब बाजूलाच, मधोमध. आखूड बाजूनं आत गेलात तर ओल्या फरशीवरून कमोडपर्यंत चालावं लागतं. मधोमध दार असलं की एका टोकाला कमोड, दुसऱ्या टोकाला अंघोळीचं स्टूल, आणि आईंचा पाय कोरड्या मधल्या पट्ट्यावर पडतो.

निपाणीचा_मेस्त्री

सरकत्या दाराला उगाच नावं ठेवू नका. वॉकरवाल्या माणसाला दार ओढून मागं सरकायला लागत नाही, हा मोठा फायदा. वरून टांगलेलं घ्या. खाली पट्टी नको, तिच्यात केस आणि साबण अडकतो आणि वॉकरचा पायही अडतो. ३० एमएमची फ्लश झडप या मापात ३० किलोच्या आसपास जाते, तेव्हा रोलर ६० किलोचेच घ्या. ४० किलोवाले सुरुवातीला गुळगुळीत चालतात, मग चाक चपटं होऊन दार खडखडायला लागतं.

रोलर धावतात तो वरचा पट्टा थेट ४ इंची भिंतीत स्क्रूनं ठोकू नका. विटेच्या सांध्यात गेलेला प्लग दार ओढून ओढून ढिला होतो. ३ बाय दीड इंचाची सागवानी फळी लिंटेलवर बोल्टनं कसून घ्या आणि पट्टा त्या फळीवर. फळीमुळं झडप गिलाव्यापासून आणि टाइल्सच्या काठापासून लांबही राहते. झडप भोकापेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त हवी, नाहीतर फटीतून आतलं दिसतं.

रंधा_पटाशी

काका, तुमचं सगळं मान्य, खरं या भिंतीवर ते बसत नाही. मोजून बघा. आतून लांबी ८४ इंच. पुढची ५ इंची भिंत धरून बाहेरून ८९. मधोमध ३४ चं भोक, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूला २५ आणि पुढच्या बाजूला ३० इंच भिंत उरली. झडप ३८ ची, आणि वाट पूर्ण मोकळी व्हायला तिला ३६ इंच सरकावं लागतं. मागं गेली तर दगडी भिंतीला थडकते, पुढं गेली तर कोपऱ्याच्या बाहेर ८ इंच झडप लोंबकळते आणि पट्टाही तेवढा हवेत राहतो. ते टाळायला दार एका टोकाला न्यावं लागेल, मग कमोड आणि अंघोळीची मांडणी बिघडते.

सरकतं दार जागा वाचवतं असं सगळे म्हणतात, तसं नाही. ते जमिनीवरची जागा सोडतं आणि भिंतीवरची घेतं. त्या भिंतीवर मग बटणांचा बोर्ड नाही, बेसिन नाही, खुंटी नाही. इथं ती बाहेरची भिंत बेसिनसाठी हवी आहे, कारण ४५ इंच रुंदीत आत बेसिन घातलं तर वॉकर वळणार नाही.

माझं मत: बिजागरीचं दार, बाहेर उघडणारं. आत उघडणारं तर अजिबात नको. आत कुणी पडलं तर अंग दाराला अडकतं आणि बाहेरून ढकलता येत नाही. ३२ इंचाची झडप सरळ बाहेर उघडली तरी ७० इंचाच्या वाटेत ३८ इंच जागा राहते. आणि पार्लमेंट बिजागरी लावली तर ती १८० अंशात मागं वळून पुढच्या बाजूच्या भिंतीला टेकते, दिवसभर वाट पूर्ण मोकळी. दोन-तीन इंच झडप कोपऱ्याबाहेर येईल, त्यानं अडत नाही. भिंतीला चुंबकाचा कॅच लावा. बेसिन मग २५ इंचाच्या मागच्या तुकड्यावर बसतं, १२ इंच खोलीचं घ्या.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

पार्लमेंट बिजागरीबद्दल एक सांगतो. साधी चार इंची बिजागरी वजन चौकटीच्या अगदी जवळ पेलते. पार्लमेंटची कडी बाहेर आलेली असते, त्यामुळं वरच्या बिजागरीवर ओढ जास्त पडते. तीन लावा, स्टेनलेस स्टीलच्या. त्यातली दुसरी मधोमध न लावता वरच्या बिजागरीच्या खाली ८-१० इंचांवर लावा, कारण ओढ वरच असते. ग्रॅनाइटच्या चौकटीत नुसता प्लास्टिकचा प्लग टिकत नाही. भोक मारून, आतली भुकटी फुंकून काढून, इपॉक्सी भरून मग प्लग बसवा. भुकटी राहिली की इपॉक्सी दगडाला धरत नाही, प्लग तसाच्या तसा बाहेर येतो. ग्रॅनाइट पातळ वाटत असेल तर दीड बाय दीड इंचाच्या लोखंडी कोनाची चौकट करा, बिजागऱ्या वेल्ड करून मिळतात. मात्र खालचे ६ इंच रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग लावल्याशिवाय भिंतीत पुरू देऊ नका, गंज तिथूनच चढतो.

खानापूर_जंगलकाठ

झडपेचं सांगते. आपल्या जिल्ह्यात एकच उत्तर सगळीकडं चालत नाही. अथणीकडं कोरडी हवा, तिथं लाकडी दार वर्षभर सारखं राहतं. खानापूर आणि बेळगावात जून ते सप्टेंबर हवेत ओल भरलेली असते. मे महिन्यात एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट ठेवून बसवलेलं लाकडी दार जुलैत चौकटीत आवळतं, आणि सुतार येऊन रंधा मारतो. मग मार्चमध्ये तिथंच पाव इंच फट दिसते. लाकडी दार उन्हाळ्यात बसवत असाल तर बाजूंना दीड सूत ठेवा, पावसाळ्यात बसवत असाल तर एक सूत पुरे.

बाथरूमला मात्र लाकूड नको. पोकळ पीव्हीसी हलकं असतं खरं, पण आत बिजागरीपाशी भरीव पट्टी नसली तर स्क्रू फिरायला लागतात. विकत घेताना झडपेच्या काठावर बोटानं टकटक करा, पोकळ वाजलं तर नको. ३० एमएमचं भरीव डब्ल्यूपीसी घ्या. आधी बारीक ड्रिलनं भोक पाडून मगच स्क्रू पिळायचा, नाहीतर काठ चिरतो. फ्लश डोअरच वापरायचं असेल तर खालचा आणि वरचा काठसुद्धा रंगवून घ्या. सुतार दार टांगतो आणि रंगारी नंतर येतो, त्याला खालचा काठ दिसतच नाही. पाणी तिथूनच वर चढून थर सुटतात.

परसूतली_तुळस

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉकर मोजला, मागं २३ इंच भरला. भोक ३६ करते. ग्रॅनाइटच्या चौकटीतून वाट ३२ इंच मिळेल असं दिसतंय.

आता दुसरं दार. माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधलं जुनं सागवानी, दोन झडपांचं. भिंतीतलं भोक ३८ इंच, चौकटीच्या पायांमध्ये ३२. झडपा स्वयंपाकघरात उघडतात आणि एक फ्रिजला आपटते. मेस्त्री म्हणतात, चौकट काढून कमान करा. दार काढायचं नाहीये, फोडणीचा धूर आईच्या खाटेपर्यंत येतो.

रंधा_पटाशी

ते दार कृपा करून काढू नका, ताई. जाड दगडी भिंतीत दोन झडपांची दारं उगाच बसवलेली नसतात. ही मधली भिंतही २० इंच, झडप १६ इंच, चौकटीची जाडी ४ धरा. चौकट माजघराच्या बाजूला भिंतीच्या तोंडाशी असती, तर झडपा स्वयंपाकघराकडं उघडून भिंतीच्या जाडीतच, चौकटीच्या पायांमागं लपल्या असत्या. स्वयंपाकघरात एक इंचही बाहेर आल्या नसत्या आणि ३२ इंचाची वाटही कमी झाली नसती. तुमची चौकट बहुधा स्वयंपाकघराच्या तोंडाशी आहे, म्हणून झडपा फ्रिजवर जातात. ती उचलून माजघराच्या तोंडाशी आणा.

काम दोन दिवसांचं आहे. आधी वरच्या दगडाला किंवा लाकडी तुळईला टेकू द्या, मग चौकटीचे लोखंडी हुक मोकळे करा. पाय जमिनीत पुरलेले असतील तर कापू नका, खालची फरशी उकला. खालचं टोक कुजलं असेल तर तेवढाच तुकडा सागवानाचा जोडून घेता येतो. उंबरा मात्र परत बसवू नका, वॉकर तिथंच अडतो. त्याजागी चौकटीचे पाय सरळ ठेवायला फरशीखाली एक आडवी लोखंडी पट्टी टाका.

निपाणीचा_मेस्त्री

रंधा भाऊंचं बरोबर आहे, मीही मोजून बघितलं, दार मधोमधच पाहिजे.

बांधकामाच्या दोन गोष्टी राहिल्या. ४ इंची भिंत जुन्या कोब्यावर उभी करू नका. फूटभर रुंद पट्टा उकलून काँक्रीट घाला, नाहीतर वर्षभरात दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. लिंटेल दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीत पाहिजे. आणि कमोड आधी विकत आणा, पाइप नंतर टाका. एस ट्रॅपचं (कमोडचा खाली फरशीत जाणारा पाइप) अंतर भिंतीपासून मोजतात, ते टाइल लागलेल्या भिंतीपासून. गिलावा आणि टाइल मिळून सव्वा इंच खातात. दगडी भिंतीपासून मोजून पाइप टाकला तर कमोड पुढं ओढावा लागतो आणि मधली जागा तेवढी आटते.

आधाराचा दांडा दगडी भिंतीवर लावा, ४ इंची विटेच्या भिंतीवर नको. बोल्ट दगडातच गेला पाहिजे, मातीच्या सांध्यात गेला तर अंगाचं वजन पडताच निघतो.

परसूतली_तुळस

शेवटचं. दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या, खिडकी निघत नाही. एक्झॉस्ट फॅन लावून वास जाईल का?

खानापूर_जंगलकाठ

जाईल, पण हवा आत यायला वाट ठेवली तरच. दार खालपर्यंत घट्ट असलं तर पंखा नुसता घोंघावतो, ओढायला हवाच नसते. झडपेखाली अर्धा इंच फट ठेवा. फरशीला उतार आतल्या बाजूला फुटाला पाव इंच, आणि दाराच्या आत लांब जाळीचा पन्हाळ टाका, म्हणजे उंबरा नसला तरी पाणी माजघरात येणार नाही. फॅनपासून ४ इंची पाइप सरळ कौलांवरून दोन फूट वर न्या, टोकाला टोपी आणि जाळी. कौलातून पाइप निघतो तिथं पत्र्याची कॉलर वरच्या कौलाखाली सरकवून बसवा. नुसतं सिमेंट थापलं तर पहिल्याच पावसात गळतं.

आणि कडी आतून लागणारी, पण बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी घ्या. आईंना ती अंधारात हाताला लागते का, ते कडी बसवायच्या आधी त्यांनाच उभं करून उंची ठरवा.