एकाच मुलीची इंग्रजी शिकवणी: बोलणे आधी घ्यावे की लिहिणे?

दारव्हा_शिकवणी (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहते आणि गावातल्याच, नववीत शिकणाऱ्या एका मुलीची इंग्रजीची शिकवणी घेते. मुलगी मराठी माध्यमाची आहे. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच असल्यामुळे हा विषय तिला नवा नाही. काळांचे तक्ते तोंडपाठ आहेत, रिकाम्या जागाही ती अचूक भरते. पण काल काय केलेस, एवढे इंग्रजीत विचारले की ती खाली मान घालते आणि बऱ्याच वेळाने ‘आय डिड नॉट वेंट स्कूल’ असे काहीतरी पुटपुटते. पाठ केलेला निबंध वहीत सुबक उतरतो, मात्र विषय जरासा बदलला की पेन दोन ओळींच्या पुढे सरकत नाही. आधी व्याकरण पूर्ण करा, बोलणे मग आपोआप येईल, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. बोलणे आणि लिहिणे एकाच तासात कसे बसवावे, चुका तिथल्या तिथे सांगाव्यात की मागाहून, आणि शिकवताना मराठी किती वापरावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_गुरुजी_वर्धा

ताई, ‘डिड नॉट वेंट’ हा निष्काळजीपणा नव्हे. ‘मी गेले नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेले’ या क्रियापदावरच असतो. इंग्रजीत तो एकट्या ‘डिड’वर असतो आणि ‘गो’ मूळ रूपात राहते. मुलगी आपल्या सवयीने क्रियापदालाही काळ लावते, म्हणून तो दोनदा येतो. ‘काल बाजारात गेले होते’ या वळणावर बेतलेले ‘आय हॅड गॉन टु मार्केट यस्टरडे’ हेही त्याच जातीचे, कारण तिथे इंग्रजीला साधे ‘वेंट’ पुरते. हा फरक मराठीतूनच, पाच मिनिटांत समजावून द्यावा. तो इंग्रजीतून समजावण्याच्या हट्टात अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही. ‘अ’ आणि ‘द’ यांच्या मागे मात्र इतक्यात लागू नये. मराठीत तसे काही नसल्याने ते सर्वांत शेवटी बसतात आणि त्यांच्यावाचून अर्थ क्वचितच अडतो.

एकट्या विद्यार्थ्याच्या शिकवणीचा खरा लाभ हाच की, साऱ्या वर्गासाठी आखलेला क्रम बाजूला ठेवून या एका मुलीच्या चुकांप्रमाणे क्रम लावता येतो. समजावून झाले की आपण गप्प बसावे. बहुतेक शिकवण्यांत तासभर मास्तरच बोलतात आणि सुधारते तेही मास्तरांचेच इंग्रजी.

खामगावकर_ऑनलाइन

गुरुजींच्या म्हणण्यात एक भर घालतो. विषय तिच्या घरचा असावा. ‘माझा आवडता ऋतू’ यावर बोलायला कोणाही मुलीजवळ फारसे काही नसते. पण कापूस वेचायला माणसे कशी सांगतात, मजुरी किलोवर कशी ठरते, वजनाच्या वेळी वाद कशावरून होतो, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. लागणारे पाच-सहा शब्द आधी चिठ्ठीवर लिहून द्यावेत आणि तिला बोलू द्यावे.

यासाठी चार-तीन-दोन ही परिचित पद्धत उपयोगी पडते: एकच मजकूर आधी चार मिनिटांत, मग तीन आणि शेवटी दोन मिनिटांत सांगायचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला काय सांगायचे याची चिंता उरत नाही, त्यामुळे वाक्ये जुळू लागतात. मूळ पद्धतीत दर वेळी ऐकणारा बदलतो, कारण एकदा ऐकलेले त्याच माणसाला पुन्हा सांगण्यात अर्थ वाटत नाही. एकट्याच्या शिकवणीत ही अडचण येतेच. धाकट्या भावाला समोर बसवावे, तिसऱ्या खेपेला मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे.

बोलत असताना टोकू नये. तुम्ही कागदावर टिपत राहा आणि नंतर ध्वनिमुद्रण दोघींनी मिळून ऐका. स्वतःचे ‘डिड नॉट वेंट’ तिला बहुधा स्वतःच ऐकू येईल. मग तोच मजकूर तिने वहीत उतरवावा. प्रथम वाक्ये तुटक राहतील, ती ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘सो’ लावून तिच्याचकडून जोडून घ्यावीत. लाल पेनाने एका वेळी एकाच प्रकारची चूक अधोरेखित करावी. सगळ्या चुकांनी रंगलेले पान मुले पुन्हा उघडत नाहीत.

हिंगणघाट_पालक

मी शिक्षक नाही, शेतकरी आहे आणि दहावीतल्या मुलाचा बाप आहे, म्हणून त्या वडिलांची बाजू मांडतो. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा आहे, तिथे 80 गुण लेखी आहेत आणि तोंडी वगैरे धरून 20. फी देणाऱ्याला वहीत काहीतरी दिसावे लागते. मजुरीच्या वादावर मुलगी बोलली असेल, तर त्याच विषयावर तिच्याकडून तहसीलदारांना पत्र, दोन मजुरांमधला संवाद किंवा वर्तमानपत्राची बातमी लिहून घ्या. परीक्षेत असेच लेखनप्रकार येतात आणि घरीही समाधान राहते.

उच्चारांचा मात्र फार बाऊ करू नये. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात, एवढे एकदा आरशात दाखवले की पुरे. वऱ्हाडी हेल राहिला तर राहू द्यावा.

दारव्हा_शिकवणी

सर्वांचे आभार. पत्राची कल्पना तिच्या वडिलांना नक्की पटेल आणि सुरुवात सोयाबीनच्या मळणीपासून करते, कारण सध्या त्यांच्या घरी तेच चालले आहे. एकच अडचण आहे: ध्वनिमुद्रणाचे नाव काढताच ती बोलायची थांबते.

खामगावकर_ऑनलाइन

मग मोबाइल तिच्याच हाती द्या, ताई. सुरू तिने करायचे, ऐकायचे तिने एकटीने, आणि नको असेल तर पुसूनही तिनेच टाकायचे. तुम्हाला ऐकवायचे की नाही, हे काही दिवस तिच्यावरच सोडा.