लोंगवाला अभ्याससहल न्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या समाजशास्त्राच्या एस.वाय.च्या मुलामुलींना नागालँडच्या मोन जिल्ह्यात, म्यानमार सीमेवरच्या लोंगवा गावी न्यायचं ठरतंय. सीमा थेट गावातून जाते. अंगचं, म्हणजे तिथल्या कोन्याक नागा जमातीच्या गावप्रमुखाचं, घरच अर्धं इकडे, अर्धं तिकडे! गावकऱ्यांची शेतं आणि सोयरीकही पलीकडे आहे. पूर्वी सीमेपासून १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा चालायची. २०२४ च्या सुरुवातीला केंद्राने ती सवलत रद्द करण्याचं जाहीर केलं. त्यानंतर घराघरांत काय बदललं, हाच मुलांचा अभ्यासविषय.

इनर लाइन परमिटसाठी (बाहेरच्यांना नागालँडमध्ये जायला लागणारा परवाना) पूर्ण गटाचा एकच अर्ज चालतो का, की प्रत्येकाचा वेगळा? मोनहून पुढे शेअर सुमो मिळते की अख्खी गाडी ठरवावी?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे आओलिंग सण असतो. मुलांना तेव्हाच जायचंय. माझं मत उलट: सणाच्या धामधुमीत निवांत बोलणार कोण? जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा.

आणि मुख्य अडचण. शत्रूची मुंडकी कापून आणण्याच्या कोन्याकांच्या जुन्या प्रथेबद्दल वाचून मुलं भलतीच उत्साहात आहेत. त्या काळी चेहरा गोंदवून घेतलेल्या आजोबांपुढे मोबाइल धरून उभं राहायचं नाही, हे बजावलंय. पण फोटोची परवानगी कोणाकडे मागायची, गावप्रमुख अंग यांना भेटताना काय न्यायची रीत आहे, आणि कोन्याक-हिंदी दोन्ही येणारा गावातलाच दुभाषा कसा शोधायचा?