कुलूप नि कॅमेरा दोन्ही करून झालं

पोरांच्या खेळाच्या मैदानातली तोडफोड थांबवायला कुणीतरी म्हटलंय, मैदानाला कुलूप घाला, सीसीटीव्ही बसवा, विषय संपला. अहो आमच्या कॉलनीत दोन्ही करून झालं! कुलूप तिसऱ्या दिवशी तुटलं, कॅमेऱ्याची वायरच कापली, झोपाळ्याची साखळी बहुतेक भंगारात गेली, वरचे हुक तेवढे लटकत होते. घसरगुंडीखाली बाटलीच्या काचा, तिथेच सकाळी पोरं अनवाणी. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण झोपाळ्याच्या साखळीसाठी चौकीत तासभर बसणार कोण (मी बसलोय, चहा सुद्धा मिळाला नाही). खरा फरक पडला तो बंद पडलेला हॅलोजन सुरू झाल्यावर, आणि वडापाववाल्या काकांना गेटजवळ गाडी लावायला सांगितली, रात्री अकरापर्यंत तिथे जाग असते. ज्यांना आपण टवाळ म्हणून शिव्या घालतो त्यातल्याच चार पोरांना कबड्डीसाठी माती टाकून दिली, आता तीच बाकीच्यांना हाकलतात. आणि झोपाळ्याला आता साखळी नाही, दोर नि जुना टायर आहे, भंगारवाला त्याचे काहीच देत नाही.