आधी गाडी की आधी नेम? बाइक आणि एअर पिस्तूल, दोन्ही छंद असणाऱ्यांनी सल्ला द्यावा

अर्धाक्लच

नमस्कार मंडळी. बाइक दहा-बारा वर्षं चालवतोय. एका सिलिंडरची, जुन्या घडणीची. आरशात मागचा एक ट्रक दोन दिसावा इतपत थरथरते. दर रविवारी पहाटे दीडेकशे किलोमीटरचा फेरफटका ठरलेला. सहा महिन्यांपूर्वी मित्राच्या नादाने १० मीटर एअर पिस्तूलच्या रेंजवर गेलो आणि तिथेही जीव अडकला. वय ४६. पदकबिदक नको, कागदावरची भोकं एकमेकांच्या शेजारी पडावीत एवढंच.

गोची अशी की रेंजवर मला वेळ मिळते ती रविवारी अकराची, म्हणजे राइड उरकून थेट तिथेच. हेल्मेट काढतो, हात धुतो, पिस्तूल उचलतो आणि पुढची माशी (नळीच्या टोकाचा नेम धरायचा खुंट) अशी नाचते की विचारू नका. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका पंधरा-वीस मिनिटं मुंग्या आल्यासारखी. मधल्या वारी कधी संध्याकाळी गेलो तर हाच हात बऱ्यापैकी ऐकतो, आठ-नऊ गुणांचे छर्रे पडतात. रविवारी पाच, सहा आणि मध्येच एखादा त्याहूनही बाहेर.

हे दोन छंद एकमेकांच्या मुळावर येतात का? स्वतःचं पिस्तूल आधी घ्यावं की कमी थरथरणारी बाइक? (दोन्ही एकदम जमणार नाही, घरून तंबी आहे.) आणि पिस्तूल बाइकवरून नेत असाल तर कसं नेता?

गिअरबदलू

बाइक विका, बसने जा. माशी नाचली तर ड्रायव्हरला बोल लावता येईल. हलके घ्या.

छर्राबहाद्दर

आधी रेंज, मग राइड. प्रश्न मिटला. वेळ बदलून मिळत नसेल तर रेंजवाल्यांच्या मागे लागा, सकाळी पहिल्या तुकडीत सहसा गर्दी नसते.

तरी एक सांगतो, कारण नवीन माणूस हात हलतो म्हणून घाबरतो आणि खरी चूक भलतीकडेच असते. हात सगळ्यांचाच हलतो. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, नऊचं २७.५ चं, आणि काळा भाग सातच्या वर्तुळापर्यंत, ५९.५ मिलिमीटर. आता अख्खा हात, पिस्तुलासकट, एक सेंटिमीटर बाजूला सरकला, पण माशी मागच्या खाचेत (डोळ्याजवळच्या पट्टीतल्या चिरेत) बरोबर मधोमध आहे. छर्रा एक सेंटिमीटरच बाजूला जाईल. नऊ. वाईट काय त्यात?

उलट हात दगडासारखा स्थिर, पण माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर डावीकडे कलली. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरा, तर १० मीटरवर तो एक मिलिमीटर तिसेक मिलिमीटर होतो. सात. म्हणजे तेवढ्याच मिलिमीटरला हात थरथरण्यापेक्षा मनगट मुरगळणं तिसपटीने महाग. तुमचे पाच-सहा मला थरथरीचे वाटत नाहीत. ट्रिगर झटक्याने ओढता आणि मनगट मोडतं, असा माझा संशय.

अर्धाक्लच

@गिअरबदलू 😄

@छर्राबहाद्दर, हिशोब वाचून वही काढली. पण मग मधल्या वारी ट्रिगर का नीट दाबला जातो?

निवांतस्वार

मी दोन्ही करते, बाइक पंधरा वर्षं आणि पिस्तूल नऊ. त्यामुळे जरा लांबण लावते, माफी असावी.

पुढच्या रविवारी एक करा. राइड संपली की हातमोजे काढून लगेच तळहात बघा. हँडलच्या रबराची नक्षी उमटलेली दिसते का? माझ्या हातावर पहिली काही वर्षं अशी उमटायची की ठसे घ्यावेत. याचा अर्थ तुम्ही हँडल आवळून धरता. करंगळी-अनामिकेच्या मुंग्या हे त्याचंच पुढचं पान. त्या दोन बोटांची नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते, नेमका तिथेच हँडलचा दाब बसतो आणि वरून गाडीची थरथर. म्हणजे दोष एकट्या सिलिंडरवर टाकू नका.

गाडी गुडघ्यांनी धरायची असते. टाकी मांड्यांत घट्ट, कोपरं सैल, हात हँडलवर नुसते ठेवलेले. चालता चालता स्वतःची परीक्षा घ्यायची, कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी वरखाली हलवून बघायची (मागून येणाऱ्याला वेड्यासारखं दिसतं, दिसू दे). हलली नाहीत तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. ब्रेक-क्लचचे लिव्हर किती खाली वळवलेत तेही बघा. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट सरळ रेषेत राहायला हवं, वर मुडपलेलं नको. पाना घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. हातमोजे घट्ट असतील तर एक माप मोठे घ्या. आणि दर तासाला उतरून हात झटका.

एवढं करूनही मुंग्या तासन्‌तास राहत असतील किंवा रात्री झोपेत येत असतील तर इथे विचारू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता ट्रिगर. छर्राबहाद्दरांचा संशय मला पटतो आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. दीड-दोन तास उजव्या हाताने काय केलंत? थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक. तोच हात, तेच बोट. पुढचा ब्रेक कसा लावता? कुत्रं आडवं आल्यासारखा कच्चकन? नीट लावणारा आधी लिव्हरचा मोकळा खेळ संपवतो, पॅड डिस्कला टेकले की क्षणभर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊ देतो, मग दाब वाढवत नेतो. वजन यायच्या आत आवळलं तर चाक लॉक. दोन टप्प्यांच्या ट्रिगरचं हुबेहूब असंच आहे. पहिला टप्पा मोकळा, मग भिंत लागते, आणि त्या भिंतीवर दाब वाढवत राहायचं. नियमाने एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो. अर्धा किलो म्हणजे फार नाही, पण बधिर बोटाला ती भिंत लागलेली कळतच नाही. मग ते बोट भिंत तोडूनच पलीकडे जातं. मधल्या वारी बोट शुद्धीवर असतं, म्हणून दाबलं जातं.

माझा ट्रिगर सुधारला तो रेंजवर नाही, सिग्नलला थांबताना. गाडीचं नाक झुकून परत वर उसळलं तर मी ब्रेक शेवटी झटकन सोडला हे कळतं. नाक न उसळता गाडी थांबवायची, एवढाच खेळ वर्षभर खेळले.

नजरेचं मात्र बरोबर उलटं आहे आणि तिथे मी बरीच गोंधळले. बाइकवर जिथे नजर तिथे गाडी. खड्डा बघत राहिलात की खड्ड्यातच जाता, वळणात लांब, वळण सुटतं तिथे बघायचं. ६० च्या वेगाला सेकंदात जवळजवळ १७ मीटर मागे पडतात, जवळचं बघून उपयोगच नाही. पिस्तुलात हीच सवय घात करते. लांबचं टार्गेट स्वच्छ बघायचा मोह होतो आणि हाताएवढ्या अंतरावरची माशी पुसट होते. हवं ते उलट: माशीची कड कातरल्यासारखी स्पष्ट आणि काळा गोळा धूसर. दोन तास डोळ्यांना लांब बघायला लावल्यावर त्यांना जवळ यायला वेळ लागतो. मी राइडनंतर रेंजवर गेलेच तर पहिली वीसेक मिनिटं पिस्तुलाला हात लावत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते, आणि मग कोऱ्या पांढऱ्या कागदावर नेम धरते, गोळाच नाही. बघायला माशीशिवाय काही उरतच नाही.

गिअरबदलू

ताई, दंडवत. धाग्याची वाचनखूण साठवली. कोंबडीचे पंख आजच करून बघतो.

कानफाट्या

हाताचं झालं, कानाचं कुणी बोलेना. १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो, सायलेन्सर कितीही सभ्य असो. ८५ डेसिबल आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा नायॉशचा (कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकी सरकारी संस्था) हिशोब लावला तर ९४ ला एक तास भरतो. तुमची राइड त्याहून मोठी. माझ्या कानात आता कायमचा रातकिडा आहे, म्हणून कळवळून सांगतो.

फोमचे बोळे वापरा. बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून धरायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर काही फायदा नाही. काही ठिकाणी गाडी चालवताना कान बंद करायला बंदी असते, तेवढं बघून घ्या. एअर पिस्तुलाचा आवाज किरकोळ, पण उद्या पॉइंट टू-टू (.२२ ची, खऱ्या काडतुसाची) किंवा त्याच्या वरच्या बंदुकीकडे वळलात तर इअरमफशिवाय उभंच राहू नका. बहुतेक बंदुकांचा बार १४० डेसिबल ओलांडतो, तिथे कान बिघडायला एक बारही पुरतो.

टपरीटूल

नेण्याबद्दल: पाठीवर नको. सॅकमध्ये पिस्तुलाची कडक पेटी घालून पडलात तर रस्ता आणि मणका यांच्यामध्ये लोखंड येतं. मागच्या कुलूपबंद टॉपबॉक्समध्ये, खाली जाड फोम. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून, छर्रे वेगळे. पिस्तुलाचं हवेचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेलं असतं, ते उन्हात तापत ठेवू नका. पोचल्यावर साइटचे (माशी-खाचेचे) स्क्रू हलके तपासा, थरथरीने ढिले होतात. (अनुभव आहे. अख्खा दिवस छर्रे उजवीकडे आणि मी स्वतःला शिव्या देतोय.) वाहतुकीचे आणि परवान्याचे नियम जागोजागी वेगळे, ते आधी विचारा. रायफल असेल तर बाइकचा विचारच सोडा.

आणि शिशाचे छर्रे हाताळलेला हात हातमोज्यात घालू नका. आधी साबण. नाहीतर तेच शिसं मोज्यात साठतं आणि मग त्याच हाताने तुम्ही खाता.

छर्राबहाद्दर

+१, साबणाचं फार कमी लोक पाळतात.

खरेदीबद्दल: सध्या दोन्ही घेऊ नका. सहा महिन्यांत तुमचा हात अजून ठरलेला नाही. आज घेतलेली लाकडी मूठ वर्षाने चुकीची वाटेल. रेंजचंच पिस्तूल वापरा, पण दर वेळी तेच मागा. पुढे जुनं घ्यायची वेळ आली तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांनंतर ते वापरू नका म्हणतात, आणि स्वस्तात मिळणाऱ्या पिस्तुलाचं सिलिंडर नेमकं तिथेच पोचलेलं असतं.

निवांतस्वार

खरेदीत मी थोडी वेगळी. पिस्तूल नको हे मान्य, पण हातमोजे आणि कानाचे बोळे आजच घ्या. बाइक बदलून हँडल आवळायची सवय जात नाही, ती नव्या बाइकवरही बसते.

गिअरबदलू

अवांतर: ४६ ला काय वय म्हणता? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र दुहेरीत रौप्य घेऊन गेला, तेव्हा तो ५१ चा होता. स्वीडनच्या ऑस्कर स्वानने १९२० मध्ये ७२ व्या वर्षी रौप्य घेतलंय. आणि उजवा हात अगदीच रुसला तर हंगेरीचा कारोय ताकाच आठवा. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून उजवा हात गेला, डाव्याने शिकला आणि १९४८, १९५२ ला लागोपाठ सुवर्ण.

छर्राबहाद्दर

हात खिशात घालणं ही ऐट नव्हे हो. मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो, म्हणून तो कुठेतरी अडकवायचा. खिसा नाहीतर पट्टा. अर्धाक्लच, तुम्ही कुठे ठेवता?

अर्धाक्लच

कुठेच नाही, नुसता लोंबत असतो. आता लक्षात आलं.

तीन रविवार गेले, म्हणून हिशोब द्यायला आलो. तळहातावर नक्षी होती. अगदी चौकटी-चौकटी. लिव्हर थोडे खाली वळवले, टाकी गुडघ्यांत धरली. पहिल्या दिवशी मांड्या भरून आल्या, पण करंगळी जागी होती. दुसऱ्या रविवारी मुंग्या जेमतेम. रेंजची वेळ बदलून मिळाली नाही, म्हणून ताईंसारखा भिंतीकडे तोंड करून बसतो. लोक वाकून बघतात.

तरीही पाच-सहा पडतच होते. मग प्रशिक्षकांनी छर्रा काढून घेतला, पिस्तूल ड्राय फायरवर (छर्रा न सोडता नुसता ट्रिगर दाबायच्या सोयीवर) टाकलं आणि नळीवर एक नाणं ठेवलं. ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. दहापैकी सात वेळा पडलं, आणि सातही वेळा डावीकडे. छर्राबहाद्दर, तुमचा संशय खरा निघाला. घरी परतताना मुद्दाम बघितलं, तर सिग्नलला गाडीचं नाक दर वेळी उसळत होतं.

काल दहापैकी तीनदा पडलं. पिस्तुलाची खरेदी पुढे ढकलली, घरी सगळे खूश आहेत. कानात बोळे घातले तर टॅपेटचा (इंजिनातल्या व्हॉल्व्हचा टकटक) आवाज बंद झाला की मला ऐकू येईनासा झाला हे कळत नाहीये, कानफाट्या यांनी जरा सांगावं.

कानफाट्या

थांबून बोळे काढा आणि ऐका. असेल तर आहेच.

निवांतस्वार

नाणं कुठलं ठेवता? मोठं, जड असेल तर ते जागेवरून हलायलाच आळशी असतं. सगळ्यात हलकं शोधा आणि मग आकडा सांगा.