नवीन अल्बमच्या टूरला जुनी गाणी होतात का? सेलूहून जायचा विचार आहे

सेलूची_ताई
नमस्कार मंडळी, मी सेलूची, जि. परभणी. माझा धाकटा भाऊ इंग्लंडचा गायक एड शीरनचा एवढा फॅन आहे की गिटार त्याचेच व्हिडिओ बघून बघून शिकला, क्लास नाही काही नाही. ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात शो झाला तेव्हा ह्याची बारावी तोंडावर होती म्हणून घरून सोडलं नाही, पोरगा नीट जेवलासुद्धा नाही त्या दिवशी. आता प्ले हा नवीन अल्बम आलाय सप्टेंबर २०२५ मध्ये आणि त्याची लूप टूर जानेवारी २०२६ ला न्यूझीलंडमधून सुरू झाली, त्यामुळं घरात परत तोच विषय चालू. मी ठरवलंय की भारतातली तारीख जेव्हा केव्हा लागेल तेव्हा ह्याला घेऊन मीच जाणार.

तर विचारायचं असं की नवीन अल्बमची टूर म्हणजे सगळी नवीनच गाणी वाजवतात का? मला आपली परफेक्ट आणि शेप ऑफ यू एवढीच येतात. दुसरं म्हणजे पप्पा म्हणायलेत की गाणी फोनवर ऐकायलातच ना, मग एवढे पैसे घालून तिथं जाऊन वेगळं काय ऐकणार. त्यांना काय सांगू? आणि शो संपल्यावर रात्रीचं परत कसं यायचं, आम्ही दोघंच असू.

जालना_ते_नेरूळ
ताई बिनधास्त जा. फक्त नवीनच गाणी सहसा कोणी वाजवत नाही. कोल्डप्ले हा बँड जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला तीन दिवस होता, १८, १९ आणि २१ ला. त्यांचा मून म्युझिक अल्बम ऑक्टोबर २०२४ चा म्हणजे एकदम ताजा होता, तरी त्यातली मोजकीच गाणी झाली आणि यलो, फिक्स यू, व्हिवा ला व्हिडा हे सगळं झालंच. शीरनची पुण्याची टूर तर गणिताची चिन्हं हेच नाव असलेल्या त्याच्या पाचही अल्बमवर होती, अधिक, गुणिले, भागिले, बरोबर आणि वजा, म्हणजे २०११ पासून २०२३ पर्यंतचा सगळा माल एका संध्याकाळी. तुमची परफेक्ट आणि शेप ऑफ यू दोन्ही भागिलेमधली आहेत, २०१७ ची, ती गाळून तो स्टेजवरून उतरेल असं मला तरी वाटत नाही.

पण माझं सांगणं असं आहे की नवीन अल्बम ऐकूनच जा, अगदी सगळा. कारण काय होतं, नवीन गाणं लागलं की आपल्याकडं अर्धं पब्लिक पाणी प्यायला, वडापाव घ्यायला निघतं आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण गाणाऱ्याला सगळ्यात जास्त तेच गाणं ऐकवायचं असतं, त्यासाठीच तर तो निघालेला असतो. आणि पुढचा अल्बम आला की ह्यातली दोन-तीन गाणी टिकतात, बाकीची स्टेजवर परत कधी ऐकायलाही मिळत नाहीत. जुनी हिट गाणी तो दर टूरला गाणार, ही मात्र आत्ताच. प्लेमध्ये सफायर आहे अरिजित सिंगसोबतचं, त्यात तो पंजाबी गातो, ते जर भारतात झालं तर पब्लिकनं मूग गिळून उभं राहू नये एवढंच. भावाला सांगा सगळ्या गाण्यांचे बोल पाठ करून ठेव.

रात्रीचं म्हणाल तर उघड्या मैदानावर दहानंतर स्पीकर लावायचा नाही हा नियम आहे, खास परवानगी असली तरच पुढं चालतं, म्हणून आपल्याकडं मोठे शो दहाच्या आत-बाहेर संपतात. शो नवी मुंबईत असेल तर देवगिरी एक्सप्रेसचा नाद सोडा, ती साडेनऊच्या सुमारास सीएसएमटी सोडते, तेव्हा तुमचं शेवटचं गाणं चालू असेल. मुक्काम करा आणि सकाळची तपोवन पकडा, ठाण्याला चढायचं, दुपारनंतर सेलूत. टाइम तेवढा आदल्या दिवशी चेक करा आणि रिझर्वेशन शोच्या तिकिटाबरोबरच काढा, नंतर मिळत नाही.

साउंडवाला_लातूर
पप्पांचं मी सांगतो. मी साउंडचं काम करतो, गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा, लग्नाची संगीतं, गावोगावच्या सभा. फोनवर जे वाजतं ते गाणं आधीच तयार होऊन आलेलं असतं, तिथं ते तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहतं आणि शीरनच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं आहे. त्याच्या पायाशी लूप स्टेशन असतं. आधी गिटारच्या लाकडावर तळहातानं धप्प असा ठोका मारतो, पायानं पेडल दाबलेलं असतं त्यामुळं तो ठोका रेकॉर्ड झाला, परत दाबलं की तेच फिरून फिरून वाजायला लागतं. त्याच्यावर बोटांनी टकटक, त्याच्यावर कॉर्ड, त्याच्यावर स्वतःच्याच आवाजाची एक ओळ, मग त्याच्या वरच्या पट्टीतली दुसरी. दोन-चार मिनिटांत एकटा माणूस पूर्ण बँडएवढा वाजायला लागतो. आणि ह्यात लपायला जागा नाही, पहिल्या ठोक्याला पेडल जरा उशिरा दाबलं गेलं की तो लंगडा ताल पूर्ण गाणंभर गळ्यात, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच रचायचंय. मोठ्या स्टेडियमला काही गाण्यांना बँड असतो पण बरीचशी तो असाच एकट्यानं करतो. तुमचा भाऊ गिटार वाजवतो ना, मग त्याला स्टेजकडं बघू द्या, मोठ्या स्क्रीनवर पायाचा क्लोजअप आला की तिथंच नजर ठेवायची.

उभं कुठं राहायचं तेही सांगतो, कारण लोक उगाच पुढं जायला मरतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटर मागं उभं असलं की स्टेजवरचा आवाज तुमच्यापर्यंत पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा पोचतो. म्हणून मैदानाच्या मधे टॉवर उभे करून त्यांच्यावर स्पीकर टांगतात आणि त्यांना मुद्दाम तेवढाच डिले देतात, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकदमच कानावर येतो. शो ऐकायचा असेल तर मिक्सरच्या आसपासची जागा धरा, साउंड इंजिनीअर तिथं बसून सगळं सेट करतो म्हणजे तिथं जे ऐकू येतं तेच खरं बॅलन्स. तिकीटही एकदम पुढच्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि मेडिकलमधून कानात घालायचे प्लग घेऊन जा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणीच ऐकत नाही.

गोदाकाठ
पैशाचा हिशोब पप्पांना पटेल म्हणून लिहायलो. स्ट्रीमिंगवर एका वेळी ऐकण्याचा गायकाला रुपयासुद्धा मिळत नाही, काही पैसेच मिळतात, पहिल्यासारखी कॅसेट-सीडी कोणी घेत नाही, त्यामुळं अल्बम काढायचा आणि कमाई टूरवर करायची असं गणित झालंय. शीरनची २०१७ ते २०१९ ची भागिलेची टूर अडीचशेच्या वर शोची होती आणि ७७ कोटी डॉलरवर गेली, त्या वेळचा जगातला रेकॉर्ड होता तो. मुंबईला बीकेसीत १९ नोव्हेंबर २०१७ ला झाला तो शो त्यातलाच. तुमच्या तिकिटात स्टेज, लाइट, ट्रक, विमानानं येणारं सामान, शेकड्यांनी माणसं, सगळं आलं.

पण मला एक बोलू द्या, ह्या सगळ्यात मराठवाड्याचं नाव कुठंच नाही. २०२५ ला तो पुणे, हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, शिलाँग आणि दिल्लीजवळ गुरुग्राम असा फिरला. शिलाँग बघा, डोंगरातलं लहान शहर, तिथं होतं कारण तिथं घराघरात गिटार आहे आणि लोक तिकीट काढून ऐकतात. आपल्या संभाजीनगरला विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, वेरूळ-अजिंठा महोत्सवाला मोठमोठे शास्त्रीयवाले येऊन गेलेत. कमी आहे ती तिकीट काढून गाणं ऐकायच्या सवयीची. आपल्याकडं पास कुणाकडून मिळतो ते आधी बघतात. आपल्याच पोरांचे बँड कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवतात, त्यांना दोनशे रुपये तिकीट लावून कोणी हॉल भरून देईल का? तिथून सुरू झालं तरच पुढचं काही होईल.

सेलूची_ताई
सगळ्यांचे खूप खूप आभार. साउंडवाल्या दादांचं लिहिलेलं पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, पहिला ठोका चुकला की पूर्ण गाणं लंगडं हे त्यांना लगेच पटलं. आता म्हणायलेत पुण्याला असला तर मीही येतो. गोदाकाठ, तुमचं बरोबर आहे, सेलूत संगीत महोत्सव भरवायची परंपरा आहे त्यामुळं ऐकणारे आहेत हो इकडं. पुण्याहून रात्रीचं काय, ट्रेन की ट्रॅव्हल्स?

जालना_ते_नेरूळ
पप्पा येत असतील तर फारच भारी. पुण्याहून ट्रॅव्हल्सच. पण मैदानातून बाहेर पडायलाच तास-दीड तास जातो, तेवढ्यात रिक्षाही मिळत नाही, म्हणून शहरातला पॉइंट घेऊ नका, वाघोलीचा पिकअप टाका आणि त्यातल्या त्यात उशिराची गाडी बघा. ड्रायव्हरचा नंबर दुपारीच सेव्ह करा. पॉवरबँक, पाण्याची बाटली, मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, म्हणून सामान आधी कुणा ओळखीच्याकडं ठेवा. पप्पांसाठी बसायचं तिकीट घ्या, तीन-चार तास उभं राहणं होत नाही. तारीख लागली की इथंच टाका, जालन्याहून आम्ही चौघं-पाचजण आहोत, एकच गाडी करू.