बोयावरचा १ मीटर

‘बोयाने (समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राने) लाटांची उंची १ मीटर दाखवली की होडी काढायला हरकत नाही’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. तो आकडा सर्वांत मोठ्या लाटेचा नसतोच, सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. मधूनच एखादी जवळपास दुप्पट उंचीची येते. शिवाय दोन लाटांमधला वेळही बघावा लागतो: तीच १ मीटरची लाट भर समुद्रात १२ सेकंदांनी आली तर होडी नुसती झुलते, ४ सेकंदांनी आली तर आदळआपट.

लाटांचा असा अंदाज अलास्कात फार गरजेचा आहे. तिथले मूळ रहिवासी असलेले इनुपियाट लोक शरदात देवमाशाच्या शिकारीला छोट्या बोटींतून जातात. बर्फ दूर सरकल्यामुळे तिथे आता वाऱ्याला मोकळं रान मिळालंय, म्हणून लाटाही मोठ्या होतात. ‘बॅकयार्ड बूईज’ (परसातले बोये, नाव झकास आहे) उपक्रमात गावकरीच सौरऊर्जेवरचे छोटे बोये सोडतात. पण समुद्र गोठायच्या आत ते काढावे लागतात. पुढे भिस्त जुन्याजाणत्यांच्या नजरेवरच.